एक टेबल, दोन खुर्च्या आणि महिन्याचा एक रविवार: इंदुरातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतील सर्व मंडळींस,
सप्रेम नमस्कार.

1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो आणि त्याच सुमाराला कोजागिरी. आपल्या बहुतेक मंडळांत तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, दोन शब्द, मग मसाला दूध. त्याला आमची हरकत नाही. विनंती एवढीच आहे की ज्यांच्या खांद्यावर शाल घालता त्यांच्यापैकी कुणाचं पेन्शन अडलंय का, हेही त्याच सभागृहात महिन्यातून एकदा विचारलं जावं. एक टेबल, दोन खुर्च्या, मोबाइल चार्ज करायला एक प्लग आणि कागद वाचायला न कंटाळणारी दोन माणसं, एवढं पुरतं. ते टेबल काय करू शकतं आणि कुठे फसतं, ते सविस्तर लिहीत आहोत.

हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "आपल्यात तसं कुणी नाही." आहेत. रामबागेत आहेत, लोकमान्य नगरात आहेत, सुदामा नगर आणि वैशाली नगरच्या मागच्या गल्ल्यांतही आहेत. खासगी शाळेत तीस वर्षं शिकवून फंडाची किरकोळ रक्कम घेऊन घरी बसलेले मास्तर, छापखान्यात खिळे जुळवणारे, भिक्षुकी करणारे, घरोघरी पोळ्या लाटणाऱ्या बायका. त्यांच्यापैकी कुणालाच निवृत्तिवेतन नव्हतं. नवरा गेल्यावर जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई स्वतःला गरीब म्हणवत नाही आणि सरकारी पेन्शन आपल्यासाठी नसतंच असं धरून चालते. तिला निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन कार्यालयात जायचा संकोच वाटतो. मंडळात यायचा वाटत नाही. म्हणून हे पत्र निगमला न लिहिता तुम्हाला लिहिलं.

आधी रक्कम सांगतो, म्हणजे कुणाच्या अपेक्षा वाढू नयेत. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन महिन्याला 600 रुपये आहे. 2019 पर्यंत ते 300 होतं. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाला, तेव्हा केंद्राचा वाटा 75 रुपये होता. आज तो 60 ते 79 वयासाठी 200 आणि 80 नंतर 500 आहे, वरची भर राज्य घालतं. 200 चा आकडा दीड दशकाहून जास्त काळ हललेला नाही. 600 रुपयांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यासुद्धा महिनाभर पुरत नाहीत, हे आम्ही जाणतो. ती लढाई भोपाळ आणि दिल्लीशी आहे, मंडळाच्या आवाक्याबाहेरची. पण मंजूर झालेले 600 कागदाच्या चुकीपायी आठ-आठ महिने न मिळणं, हे मात्र मंडळाच्या आवाक्यातलं आहे.

सगळ्यात मोठी गफलत योजना निवडतानाच होते. म्हातारं माणूस अर्ज करायला गेलं की ऑनलाइन फॉर्म भरून देणारा कियोस्कवाला इंदिरा गांधी वृद्धावस्था पेन्शनचा अर्ज भरतो. त्याला वय 60 आणि बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) यादीत नाव, दोन्ही लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांचं नाव बीपीएलमध्ये नसतं. अर्ज बाद होतो, माणूस घरी येतो आणि विषय संपतो. प्रत्यक्षात आणखी दोन दारं आहेत आणि दोन्हींना बीपीएलची अट नाही. पहिलं मुख्यमंत्री कल्याणी पेन्शन. इथे सरकारी भाषेत विधवेला कल्याणी म्हणतात. ती आयकर भरत नसावी आणि तिला सरकारी कुटुंब पेन्शन मिळत नसावं. दुसरं कन्या अभिभावक पेन्शन, 1 एप्रिल 2013 पासूनचं. ज्यांना फक्त मुलीच आहेत अशा आईवडिलांसाठी ते आहे; दोघांपैकी एकाचं वय 60 पूर्ण हवं आणि आयकरदाता नसावं. एक किंवा दोन मुली, दोघी लग्न होऊन पुण्याला नाहीतर बंगळुरूला, अशी किती घरं आपल्या सभासद यादीत आहेत ते एकदा बोट ठेवून मोजा. या योजनेचं नावसुद्धा त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नाही. टेबलावर पहिला प्रश्न "बीपीएल आहे का?" असा विचारूच नका. पती हयात आहेत का, मुलगा आहे का, सरकारी पेन्शन येतं का, हे तीन प्रश्न आधी. बीपीएल सगळ्यात शेवटी.

चौथा प्रश्न बायकांसाठी: लाडली बहनाचे, म्हणजे राज्य सरकार बायकांना दरमहा देतं ते, पैसे येत होते का? त्या योजनेला बीपीएल लागत नाही, पण वय 60 झालं की नाव आपोआप निघतं. 1250 वरून वाढत 1500 झालेली रक्कम एका वाढदिवसाला शून्य होते. वृद्धावस्था पेन्शन आपोआप सुरू होत नाही. वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथे बीपीएलची भिंत उभी राहते. पती हयात, मुलगा आहे, बीपीएल नाही, अशा बाईसाठी साठीनंतर हातात काहीच उरत नाही. ही धोरणातली सरळसरळ फट आहे. तुमच्यापैकी ज्यांची आमदारांबरोबर ऊठबस आहे, त्यांनी पुढच्या स्नेहसंमेलनात हार घालताना एवढं एक वाक्य बोलावं.

आता कागद. खरी मारामारी इथेच आहे.

मध्य प्रदेशात सगळं समग्र आयडीवर, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदीच्या क्रमांकावर, चालतं: कुटुंबाची आठ अंकी, माणसाची नऊ अंकी. समग्र, आधार आणि बँकेचं पासबुक या तीन ठिकाणी नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळलं पाहिजे. मराठी नावांची इथे हमखास वाट लागते. समजा आधारवर 'सुधा विनायक काळे' आहे. समग्रमध्ये नोंद करणाऱ्याने 'सुधाबाई काले' लिहिलं. पासबुकावर इंग्रजीत 'श्रीमती सुधा व्ही. काळे'. आपल्या डोळ्याला तिन्ही एकच बाई, संगणकाला तीन. त्यात लग्नात नाव बदललेलं असेल तर शाळेच्या कागदावर सुनंदा जोशी आहेच. ळ चा ल होणं, मधलं नाव गळणं, 'सौ.' किंवा 'बाई' नावाचाच भाग बनणं, कुळकर्णीचं कुलकर्णी होणं, हे आपल्या घराघरांत आहे आणि हिंदीभाषक कारकुनाला त्यात चूक दिसतच नाही. टेबलावर मराठी कळणारं माणूस बसलं तर अर्ज जायच्या आधीच चूक सापडते.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी आधार, मग समग्रची ई-केवायसी, मग बँक. ई-केवायसी आधारवरची माहिती उचलून समग्रमध्ये टाकते. आधारवरच चूक असताना ती घाईने केली, की तीच चूक पक्की होऊन पुढे जाते. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून ती एक संधी हाताशी ठोस पुरावा असल्याशिवाय वापरू नये. शिबिरात काढलेल्या कित्येक आधार कार्डांवर 1 जानेवारी आणि अंदाजाने सांगितलेलं साल आहे. बाई खरी 64 ची, कागदावर 58 ची. तिला दहावीची गुणपत्रिका, पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला यांपैकी काहीतरी शोधायला लावा. गुणपत्रिका माहेरच्या नावाची निघाली तर दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं. आडनावच बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्रावर काम होतं, पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद मागतात. हे वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचं आहे.

ई-केवायसीला ओटीपी लागतो आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर बहुधा मुलाने पूर्वी कधीतरी घेतलेला, आता बंद. नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागतं. चालता येत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमन घरी येऊन मोबाइल नंबर बदलून देतो. ओटीपीशिवाय बोटाचा ठसा चालतो, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, कणीक मळलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. दोनदा "फेल" आलं की कियोस्कवाला "नंतर या" म्हणतो. नंतर येऊन काही होत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दहाही बोटं एकेक करून बघायला सांगा. एखाद्या तरी बोटाचं बहुधा जमतं. नाहीच जमलं तर डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र असलेलं केंद्र शोधा.

समग्रमध्ये आणखी एक गोम असते, दोन आयडींची. बाई आधी देवासला किंवा उज्जैनला राहत होती, तिथे एक निघाली. इंदुरात सुनेने दुसरी काढली. एक आधार एकाच समग्रला जोडलं जातं, त्यामुळे चालू घरातल्या आयडीवर ई-केवायसी होत नाही. जुनी आयडी काढायची विनंती झोनमधून करावी लागते. याउलट सल्ला मागायला मुलंही येतील, "आईची आयडी वेगळी काढली तर बीपीएलमध्ये नाव लागेल ना?" खरंच वेगळी चूल असेल तर जरूर काढा. एकाच ओट्यावर स्वयंपाक होत असेल तर तो सल्ला देऊ नका. पडताळणीला माणूस घरी येतो आणि खोटं पकडलं गेलं तर आजीचंच नाव खराब होतं.

कल्याणी पेन्शनसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यू जिथे झाला तिथलीच नोंदणी तो देते. माणूस इंदूरचा असला तरी पुण्याला मुलीकडे असताना गेला तर दाखला पुणे महापालिकेचा. घरचे इथल्या झोनमध्ये चकरा मारत बसतात आणि कुणी त्यांना हे सांगत नाही. जुन्या मृत्यूची नोंदच नसेल तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 13 खाली उशिराची नोंद होते. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. स्मशानाची पावती, दवाखान्याचा कागद, त्या सालचं रेशन कार्ड, जे मिळेल ते जमवा. दाखला आला की त्याच दिवशी समग्रमध्ये पतीची नोंद मृत करून घ्या. तिथे तो जिवंत असेल तर पोर्टलच्या हिशेबी बाई विवाहितच राहते.

बँकेचं प्रकरण वेगळंच. आधार खात्याला "लिंक" असणं आणि सरकारी पैसा त्या खात्यात येणं या दोन गोष्टी आहेत. बँकांमधले पैसे वळते करणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नकाशात एका आधारासमोर एकच बँक असते आणि शेवटी ज्या बँकेने नोंद केली ती तिथे बसते. सिम घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं, आजीला पत्ता नसतो. आधाराच्या मागे जाणारे पैसे तिथे जमा होत राहतात. लाडली बहनाचे आणि गॅस अनुदानाचे पैसे "गायब" होतात ते असे. तपासायला माय-आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. साध्या फोनवरून *99*99*1# लावूनही कळतं. बँकेत जाऊन "आधार जोडा" असं म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करा" असं म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात येणं), संमतीच्या फॉर्मवर सही करा आणि पोच घ्या. पेन्शन पोर्टलवर नोंदलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोडही याच वेळी ताडून पाहा. आपल्याकडे अजून स्टेट बँक ऑफ इंदूरची पासबुकं जपून ठेवलेली आहेत. ती बँक ऑगस्ट 2010 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, तिचे जुने कोड आज चालत नाहीत. खातं आजीच्या एकटीच्या नावाचं, किमान शिलकीची अट नसलेलं असावं. मुलाबरोबरच्या संयुक्त खात्याचे घोळ कोण निस्तरणार?

अर्ज लोकसेवा केंद्रातून करा आणि पावती घ्या. ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या हातात कागद दिले की काम लवकर होतं, हा आपला लाडका समज आहे. हातात दिलेल्या कागदाला तारीख नसते आणि तारीख नसली की उशीरही मोजता येत नाही. मध्य प्रदेशात 2010 पासून लोकसेवा हमी कायदा आहे, देशातला या प्रकारचा पहिला, आणि पेन्शनची मंजुरी त्यात येते. पावतीवर निकालाची तारीख असते. ती उलटली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील, तिथे नाही जमलं तर 60 दिवसांत दुसरं. विनाकारण उशिराला अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5000 पर्यंत दंड होऊ शकतो. दंड क्वचितच होतो, पण अपिलाचा अर्ज टाइप करून पुढे ठेवला की अडलेली फाइल बरेचदा हलते. नाकारण्याचं कारण मात्र लेखी मागा. "सिस्टिम घेत नाही" हे कारण नव्हे.

चालू पेन्शन बंद पडलं तर बँकेत जायच्या आधी सामाजिक सुरक्षा पेन्शन पोर्टलवर समग्रची सदस्य आयडी टाकून पेन्शनची पासबुक उघडा. पैसे निघून परत आले असतील तर दोष खात्यात. निघालेच नसतील तर नाव थांबवलेलं आहे, आणि त्याची कारणं बहुधा दोनच: ई-केवायसी बाकी किंवा पडताळणीत "पत्त्यावर सापडले नाहीत". आपले आजी-आजोबा उन्हाळ्यात दोन-तीन महिने मुलाकडे जातात, नेमकी तेव्हा वॉर्डातली पडताळणी होते, कुलूप दिसतं आणि नाव कापलं जातं. कधी तर मृत म्हणून. जायच्या आधी वॉर्डात फोन नंबर देऊन ठेवा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पेन्शन पुन्हा सुरू करायला हयातीचा पुरावा घेऊन झोनमध्ये अर्ज द्यावा लागतो. मधल्या महिन्यांची थकबाकी आपोआप येईल असं धरू नका. अर्जातच ती महिन्यांच्या नावांसकट मागा.

तिथेही हललं नाही तर 181, सीएम हेल्पलाइन. तक्रार पहिल्या स्तरावरून चौथ्यापर्यंत चढत जाते. काही दिवसांनी कार्यालयातून गोड आवाजात फोन येतो, "माताजी, आपका काम हो जाएगा, शिकायत बंद कर दें?" माताजी स्वभावाप्रमाणे "हो हो, करा" म्हणतात आणि तक्रार "समाधानपूर्वक" बंद होते. टेबलावर आलेल्या प्रत्येकाला हे बजावून सांगा: पैसे पासबुकात छापून येईपर्यंत "नहीं" एवढंच बोलायचं. तक्रार क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वय 70 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजना 29 ऑक्टोबर 2024 पासूनची, आणि खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. हे काम टेबलावर मोबाइलवरून होतं, तेव्हा सुरुवात यानेच करा. पहिल्याच रविवारी लोकांच्या हातात काहीतरी पडतं. पीएफच्या ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा असं नाही. दिल्याच्या तारखेपासून वर्षभर चालतो. त्याची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1000 रुपये आहे. मिलमध्ये काम केलेल्यांच्या घरून कुणी आलं तर आधी नोकरी कधी संपली ते पाहा. ईपीएस 16 नोव्हेंबर 1995 ला लागू झाली आणि इंदूरची हुकुमचंद मिल 1991 मध्येच बंद पडली. तिथल्या कामगाराला ईपीएसची आशा लावू नका, फंडाच्या जुन्या स्लिपा मागा. मुलं सांभाळत नसतील तर आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याखाली एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला 10,000 पर्यंत निर्वाह खर्चाचा आदेश होऊ शकतो. हा विषय सगळ्यांसमोर काढू नका, बाजूला बसवून बोला. फोनवर बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी काही नियम आधीच ठरवून घ्या, कारण विश्वास एकदा गेला की मंडळाचाही जातो. कुणाचा ओटीपी लिहून ठेवायचा नाही. पासबुक, एटीएम कार्ड, मूळ आधार ठेवून घ्यायचं नाही, "उद्या देतो" हेही नाही. प्रत्येक झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहायची. पैसे घ्यायचे नाहीत, चहाचेसुद्धा. एका जाड वहीत नाव, योजना, काय अडलं, पुढची पायरी आणि तारीख. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे. आणि ज्यांना मिळणार नाही त्यांना त्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. आशेवर चार महिने ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरं.

ज्या मंडळाला हे करायचं आहे त्यांनी दोन नावं ठरवावीत, शक्यतो एक निवृत्त बँकवाला आणि एक मोबाइल चालवणारं तरुण माणूस. हॉलची किल्ली कुणाकडे आणि कोणता रविवार, एवढं सूचनाफलकावर लागू द्या. पहिल्या दोन रविवारी आम्ही येऊन बसू, फॉर्मच्या कोऱ्या प्रती आणि वहीचा नमुना घेऊन येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेन्शनचे कागद भरून देणारी काही मंडळी
इंदूर